फळीले तेल लागस

आमच्या देवपुरात कुणाकडे गेलात तर आधी पाणी विचारतात. नानांकडे आधी डोकं बघतात. भिंतीला टेकलात रे टेकलात, की आतून आवाज येणार, "डोकं काढ. फळीले तेल लागस."

नाना माझे शेजारी. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून रिटायर झाले. हॉलच्या भिंतींना छातीइतक्या उंच सागवानी फळ्या त्यांनी लग्नाच्या वर्षी स्वतः ठोकल्या. एरवी मराठी बोलतात, भडकले की अहिराणी. म्हणजे दिवसभर अहिराणीच. दूधवाल्यावर भडकतात, बातम्यांतल्या बाईवर भडकतात, पंखा हळू फिरतो म्हणून पंख्यावर. मी त्यांची नक्कल अशी करतो, की एकदा त्यांच्या आवाजात "चहा ठेव" म्हटलं, तर अक्कांनी खरंच चहा ठेवला. अक्का म्हणजे त्यांची बायको. दोन वर्षं झाली, गेल्या.

यंदा श्रावणात त्यांच्या घरी कानबाई देवी बसणार होती. कानबाई येणार म्हटलं की आमच्याकडे घर रंगवायचंच. पुण्याहून मुलाचा, प्रशांतचा फोन आला, "पप्पा, आपला हॉल कोर्टासारखा दिसतो. फळ्यांना पांढरा मारून घ्या."

"मंग तुले जज करू का?" म्हणून नानांनी फोन आपटला. पण नवी सून पहिल्यांदा कानबाईला येणार होती. चार दिवस शिव्या दिल्या, पाचव्या दिवशी भगवान पेंटरला बोलावलं.

भगवानने सगळ्या फळ्या घासल्या आणि टीव्हीसमोरच्या एकीवर अडला. खाली बसलेल्या माणसाचं डोकं येईल तिथे काळपट गोल डाग.

"नाना, तेल मुरेल आहे. घासल्याशिवाय रंग धरणार नाही."

"ती राहू दे."

"एकच राहिली तर कसं दिसेल?"

"तुना बापनी भित शे का?" नाना आंघोळीला गेले.

भगवान पाठमोरा, मी दारात. जीभ वळवळली. नानांच्या आवाजात म्हटलं, "घास रे भो, घास एकदानी."

तो खरंच घासायला लागला. मी पोट धरून हसत होतो, तेवढ्यात नाना टॉवेलवरच बाहेर आले. कानाला साबण. भगवानच्या हातातला पॉलिश पेपर हिसकावला.

"तुम्हीच तर बोलले," भगवान म्हणाला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग ओल्या हाताने डाग चाचपला. एक कड उडाली होती.

"चाळीस वरीस बोंबलनू, डोकं काढ, डोकं काढ," ते मला म्हणाले. "तिनी काढं नही. अन् तू दोन मिन्टमा काढाले निंघना?"

अक्का तिथेच टेकून भाजी निवडायच्या. मी रोज बघायचो. डाग कधी बघितला नव्हता.

कानबाईला हॉल पांढराशुभ्र, मधे एक तपकिरी फळी. "पप्पा, हे काय राहिलं?" प्रशांतने विचारलं.

"पेंटर कामचोर निंघना," नाना गुरगुरले. भगवान समोर जेवत होता. मान खाली घालून जेवत राहिला.

दुपारी पिंपळनेरची त्यांची धाकटी बहीण नैवेद्याचे रोट करून दमली, आणि ताट घेऊन नेमकी त्याच फळीला टेकायला गेली.

"सरक," नाना ओरडले. "ती जागा भरेल शे."

बहिणीने मागे वळून फळीकडे पाहिलं. मग साडी आवरून हातभर बाजूला सरकली, आणि आपलं ताटही सरकवलं.