सगुणादेवी समुद्रगाय यांचा माग

श्री. खाऱ्या पाण्याचा आणि गोड्या पाण्याचा जो एकच धनी, त्यास दंडवत. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर. परंतु साल क्रोधाचे नव्हते, थकव्याचे होते. साहेबी आज्ञा केली की, राज्याने हौदात वाढविलेली समुद्रगाय खाडीत सोडिली, तिचे पुढे काय जाहले ते आद्यंत लिहून पाठविणे. ऐसियास जे डोळ्यांनी पाहिले ते पाहिले म्हणून, आणि जे यंत्राने सांगितले ते यंत्राने सांगितले म्हणून, वेगळे वेगळे लिहिले आहे. दोन्ही एक करू नयेत ही विनंती.

चार वर्षांमागे या राज्याच्या खाडीत एक लाँच भरवेगाने गेली आणि तिच्या पंख्याखाली एक समुद्रगाय सापडली आणि मेली, आणि तिचे वासरू दोन दिवस आईच्या कुडीस तोंड लावून तरंगत राहिले. वजन पाऊण मण. मग त्यास राजधानीच्या हौदात आणिले आणि धाकोजी नामे हौदावरचा जुना चाकर, त्याने बाटलीने दूध पाजिले आणि पुढे कोबी चारिला, आणि पाण्यावर पंजाने तीन थापा मारिल्या की वासरू येत असे. सगुणा हे नाव त्यानेच ठेविले. देवी ही पदवी दरबाराने मागाहून लाविली. आता समुद्रगाय म्हणजे मासा नव्हे. ती गाईसारखी गवत खाते आणि श्वासासाठी वर येते, आणि अंगाने हत्तीच्या पिलाएवढी असून थंडी तीस सोसत नाही. पाणी वीस अंशांखाली गेले की तिचे पोट चालेनासे होते आणि कातडीस व्रण पडतात आणि ती सावकाश मरते. सबब रानातल्या समुद्रगाई हिवाळा लागताच खाडी चढून अकरा कोसांवर ऊन पाण्याच्या झऱ्यांपाशी जातात आणि थंडी तेथेच काढितात. ही वाट वासरास आई दाखविते. सगुणादेवीस आई नव्हती.

तिच्या मागावर कुमुदबाई नेमिल्या होत्या. बाई शास्त्र शिकलेल्या, बोलण्यास थोड्या, आणि याआधी त्यांनी सात गाई सोडिल्या होत्या. त्यांपैकी तीन मेल्या, दोन परत आणाव्या लागल्या, एकीचा माग तुटला, आणि एक सुखरूप होती. कार्तिक शुद्ध पंचमीस सगुणादेवींची स्वारी खाडीत उतरली तेव्हा वजन नऊ मण भरले. शेपटीच्या मुळाशी पट्टा बांधिला, पट्ट्यास दोरी आणि दोरीच्या शेवटास एक तरंगता बोया, आणि बोयात यंत्र, ते आकाशातल्या उपग्रहास ठिकाण कळविते आणि उपग्रह कुमुदबाईंस कळवितो. दोरीत एक दुवा मुद्दाम कच्चा ठेवितात, की गाय तिवरांच्या मुळांत अडकली तर दोरी तुटावी, गाय नव्हे. आणि जलचर खात्याचे प्रधान व्यंकोपंत यांनी हुकूम काढिला की, पौष पौर्णिमेच्या आत देवींनी आपण होऊन ऊन झऱ्यास पोहोचावे आणि वजन साडेआठ मणांहून उणे नसावे. दोन्ही साधले तर पट्टा काढून मोकळे करावे. एकही चुकले तर हौदात परत, आणि ते जन्मभर. पंतांस हौद रिकामा बरा वाटत नव्हता, परदेशचे पाहुणे येत आणि विचारीत.

मग वीस दिवस स्वारी खाडीत इकडून तिकडे फिरली आणि कुमुदबाई काशा नाखव्याच्या होडीतून मागे मागे फिरल्या. काशा नाखवा म्हणजे त्या खाडीचा जुना जाणता, तोंडाचा फटकळ. एकविसाव्या दिवसापासून बोया दगडी धक्क्यापाशी स्थिर जाहला, आणि एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, पुरे अठरा दिवस नकाशावर एकाच जागी ठिपका पडत राहिला. दरबारात आनंद जाहला. व्यंकोपंत बोलिले, "देवींनी मुक्काम पसंत केला. स्थिर राहणे हेच सुखाचे लक्षण." कुमुदबाईंनी आधीच्या गाईंचे ठिपके पाहिले होते. त्यांनी होडी सज्ज करण्यास सांगितले. वाटेत नाखवा बोलिला, "बाय, गाय माझ्या सासूवानी बसली बघा. आली ती आली, उठायचं नावच नाही."

"सासूला कोणी वाढत असेल तर ती कशाला उठेल?" बाई म्हणाल्या.

आणि तैसेच निघाले. दुपारच्या भरतीस धक्क्याच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात धाकोजी उभा होता, आणि शेजारी कोबीची टोपली, आणि तो पाण्यावर थापा मारीत होता, आणि देवी त्याच्या काखेत तोंड घालून कोबी खात होत्या. धक्क्यावर चारदोन माणसे कौतुकाने पाहत होती. कुमुदबाई होडीतूनच बोलिल्या, "धाकोजीकाका, किती दिवस चाललंय?"

"सतरा, बाईसाहेब."

"रोज?"

"एक दिवस मला ताप होता. तेव्हा सून आली होती."

काशा नाखवा हसला. "म्हणजे सगळं घरच लागलंय पंगत वाढायला! मला नाही कधी कोणी एवढं वाढलं."

"काका, का केलंत?"

तेव्हा धाकोजी टोपली पायरीवर ठेवून म्हणाला, "हुकूम तुम्हीच वाचून दाखवलात. साडेआठ मणाच्या खाली गेली तर परत हौदात. मी विसाव्या दिवशी पाहिली तर मानेमागे खळगा पडला होता. चार वर्षं त्या हौदात ती गोल फिरली बाईसाहेब, नेहमी डावीकडून. उजवीकडून एकदा वळली नाही. परत तिथं नको जायला, म्हणून घातलं खायला. वजनात तरी कुठं अडणार नाही."

"वजनात नाही अडणार," कुमुदबाई बोलिल्या, "पण ती इथून हलणार नाही. आज पाणी बावीस अंश आहे. दहा दिवसांनी एक अंश उतरतं. झऱ्याला कधी जायची?"

धाकोजी देवींच्या पाठीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, "मला वाटलं, जनावराला कळतं."

"ज्याला आईनं नेलं त्याला कळतं."

नाखव्याने दोर आवळिला. देवींनी उरलेला कोबी संपविला.

आता कायदा ऐसा की, सोडिलेल्या गाईस कोणी हाताने चारिले तर खात्यास कळवावे, आणि कळविले की ती गाय परत आणण्याजोगी ठरते. कळविले नसते तर दरबारास कळते ना. कुमुदबाई त्या दिवशी धक्क्यावर बसून होत्या आणि कागद मांडीवर होता. नाखवा बोलिला, "बाय, लिहू नका. अठरा दिवस गाय झोपली होती म्हणून लिहा." बाई म्हणाल्या, "खोटा ठिपका एकदा नकाशावर पडला, तर पुढच्या गाईच्या वेळी मी कशावर विश्वास ठेवू?" आणि होते तैसे लिहिले, वजनापुढे 'अंदाजे साडेनऊ मण' लिहून अंदाजे या शब्दाखाली रेघ ओढिली. दरबारात पाच दिवस खल जाहला. व्यंकोपंत म्हणाले, गाय खाते आहे, लोक पाहत आहेत, यात दोष काय? आणि दोष असेल तर तिने हौदातच खावे. कुमुदबाईंनी अर्ज केला की मुदतीचे पंचवीस दिवस उरले आहेत, तेवढे तरी द्यावे. मग गाय धरण्याचे जाळे कोठीतून काढून पाहिले तो ते उंदरांनी कुरतडलेले, आणि दुरुस्तीस तितकेच दिवस लागणार होते. सबब मुदत मंजूर जाहली.

मग धाकोजीस सांगितले की धक्क्यावर येऊ नये. तो म्हणाला, "येतो. मी नाही आलो तर ती मला शोधत बसेल. मी बसतो आणि काही देत नाही, म्हणजे तिला समजेल." ही गोष्ट शास्त्रात लिहिलेली नव्हती, परंतु चुकीचीही दिसली नाही, सबब बाईंनी मान्य केली. पहिले दिवशी भरतीस देवी पायरीपाशी आल्या आणि नाक वर करून थांबल्या, आणि धाकोजी हात काखेत घालून वरच्या पायरीवर बसला. अडीच घटका. दुसरे दिवशी चार घटका. तिसरे दिवशी देवींनी पायरीस तोंड लाविले आणि दगडावरचे शेवाळ चाटले, आणि धाकोजी हलक्या आवाजात म्हणाला, "जा ना गं बये. काही नाही माझ्याकडे." नाखवा त्या दिवशी आपले मासळीचे जाळे उलगडीत आणि पुन्हा गुंडाळीत बसला. चौथे दिवशी देवी आल्या नाहीत. यंत्राने सांगितले की स्वारी निघाली. परंतु झरे पूर्वेस आणि स्वारी पश्चिमेस, खाडीच्या मुखाकडे, थंड समुद्राकडे.

चार दिवस ऐसे गेले. मग ठिपका मुखापाशी घुटमळू लागला, भरतीस आत आणि ओहोटीस बाहेर, भरतीस आत आणि ओहोटीस बाहेर. कुमुदबाई दोन दिवसांचे ठिपके जोडून म्हणाल्या, "ही गाय नाही. जिवंत गाय कधीतरी पाण्याच्या उलट जाते." होडी नेली तो मासेमारीच्या खुंटांपाशी बोया एकटा तरंगत होता, मागे हातभर दोरी. बाईंनी दुवा भिंगाखाली पाहिला. तो कापलेला नव्हता, ताणून तुटलेला होता. म्हणजे खुंटांत दोरी अडकली आणि दुसऱ्या टोकास कोणी जोराने ओढिले. नाखव्याने विचारिले, "म्हणजे जगली?"

"म्हणजे त्या क्षणी जिवंत होती. पुढचं यातून सिद्ध होत नाही."

"तुमच्याकडून एक चांगली बातमी काढायची म्हणजे खेकड्याच्या नांगीतलं मांस काढायचं, बाय."

आता यंत्र राहिले नाही, सबब डोळ्यांनी शोध करणे प्राप्त जाहले. चौदा दिवस रोज सकाळी होडी निघे आणि सूर्य कलता परत येई. धाकोजीने फार विनविले म्हणून त्यास होडीत घेतले, आणि अट एकच की हात पाण्यात घालावयाचा नाही, थाप मारावयाची नाही. तो हात मांडीखाली दाबून बसे. कुमुदबाई रोज पाण्याचे अंश लिहीत: एकवीस, साडेवीस, वीस, साडेएकोणीस. खाली 'दिसली नाही' ऐसे लिहीत. दरबाराचा कारकून रोज विचारी, सापडली काय, आणि जाळे विणून होत आले हेही कळवी. दहावे दिवसापासून बाईंनी मेलेल्या गाईंच्या जागाही धुंडाळिल्या, जेथे ओहोटी कुडी आणून टाकिते त्या तिवरांच्या बेचक्या. तेथे काही मिळाले नाही. नाक धरून उतरावे, गुडघाभर चिखल तुडवावा आणि परत चढावे, ऐसे तीन दिवस. कोणी कोणास धीर दिला नाही. भाकरी खाल्ली आणि पुढे गेले.

पौष शुद्ध एकादशीस, मुदतीस चार दिवस उरले असता, दोन प्रहरी होडी ऊन झऱ्यांस लागली. पाणी स्वच्छ, चोवीस अंश, आणि तळाशी त्रेचाळीस गाई धोंड्यांसारख्या पडल्या होत्या आणि एकेक करून श्वासास वर येत होत्या. रानातल्या गाई पाठीवरच्या पंख्याच्या वळांवरून ओळखितात. हौदातल्या गाईची पाठ कोरी असते. कुमुदबाई कोरी पाठ शोधीत होत्या आणि ती कोठे दिसेना. तो धाकोजी म्हणाला, "ती. कडेची." पाठ कोरी नव्हती. दोन वळ होते, पाच पाच बोटे लांब, ताजे परंतु भरत आलेले. शेपटीच्या मुळाशी पट्टा होता. शेजारी एक थोराड गाय, शेपटीचा लचका तुटलेली, आणि देवी तिच्या बगलेस टेकून निजल्या होत्या. देवी कोणाच्या मागे आल्या, कोणत्या दिवशी समुद्राकडून वळल्या, हे यंत्राने सांगितले नाही आणि कोणी पाहिले नाही. सबब लिहिले नाही.

दुसरे दिवशी सोळा माणसे आणि कापडाची झोळी आणि तिकाटणे लावून वजन केले. आठ मण बत्तीस शेर भरले. हुकुमाहून बारा शेर जास्त. धाकोजी दूर काठावर उभा होता. त्याने विचारिले, "मला ओळखेल का?"

"ओळखेल," कुमुदबाई बोलिल्या. "म्हणूनच पुढे येऊ नका."

तो आला नाही. दरबाराचा कारकून नवा बोया घेऊन आला होता आणि म्हणाला की पंतांची इच्छा, पट्टा राहू द्यावा आणि हा जोडावा, म्हणजे देवींचे वर्तमान दरबारास नित्य कळेल. कुमुदबाईंनी हुकूम काढून त्यास वाचावयास दिला, की दोन्ही साधल्यास पट्टा काढावा. तो वाचीपर्यंत बाईंनी कातरीने पट्टा कापिला. खालची कातडी बोटभर पांढरी पडली होती. मग झोळी पाण्यात उतरविली आणि देवी उजवीकडे वळून खाली गेल्या, आणि थोड्याच वेळात तळाशी त्रेचाळीस पाठी होत्या आणि वरून पाहता कोणती कोणाची हे सांगणे कठीण जाहले.

पौर्णिमेस कुमुदबाईंस दरबारात बोलाविले. व्यंकोपंतांनी विचारिले, "हल्ली देवी कोठे आहेत?"

"ठाऊक नाही."

"निदान जिवंत आहेत ना?"

"द्वादशीच्या सकाळी होत्या," बाई बोलिल्या, आणि बसण्यास परवानगी मागितली, आणि बसल्या.

एकूण वर्तमान ऐसे. राज्याने एक गाय चार वर्षे जवळ राखिली आणि सहासष्ट दिवस तिचा माग काढिला, आणि पुढे तिच्यावर राज्याची नजर राहिली नाही. पुढचे विचारिल्यास उत्तर नाही. जे खाडीत पाणी पाहतील त्यांनी पाहावे. इति.