एका बाईच्या एकोणीस जागा

कार्यालयात माणूस दोनच प्रकारे असू शकतो : यादीत, नाहीतर कुणाच्या तरी हाताखाली. जागेवर बसून मुकाट्याने काम करणारा असा एक तिसरा प्रकारही कानावर येतो, पण शास्त्राने अजून त्याची दखल घेतलेली नाही.

ज्या खात्यात ही हकीकत घडली ते खातं पत्त्यांच्या नोंदी ठेवायचं. कोण कुठे राहतो, कधी बिऱ्हाड हलवलं, दार कुठल्या गल्लीत उघडतं, असल्या गोष्टी. इमारत तीन मजली, मंजूर पदं तीनशे बारा, जिने दोन (त्यांतला एक बंद, पण त्याचीही नोंद होती). गावातल्या झाडून सगळ्यांचा ठावठिकाणा या खात्याला तोंडपाठ होता. फक्त खात्यातलाच एखादा माणूस हवा असला तर तो कुठल्या मजल्यावर बसतो हे कुणाला सांगता यायचं नाही. लोक वर जायचे, खाली यायचे, आणि दमून घरी जायचे. म्हणून संचालकसाहेबांनी ठरवलं की खात्यातल्या सर्वांची नावं सर्वांच्या पडद्यावर दिसावीत, आणि हे काम कंसमामांच्या गळ्यात पडलं.

कंसमामा हे खात्याचे एकुलते एक प्रोग्रामर. स्वभावाने गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नाव पडलं ते त्यांच्या भाषेवरून. ते स्कीम नावाच्या संगणकभाषेत लिहायचे, आणि त्या भाषेत काहीही म्हणायचं झालं तरी कंसात म्हणावं लागतं. कंस उघडायचा, बोलायचं, कंस मिटायचा. बोलण्यात बोलणं आलं की आत आणखी एक कंस. शेवटच्या ओळीत अकरा-बारा कंस एका दमात मिटायचे, आणि त्यांतला एक जरी राहिला तर यंत्र फुरंगटून बसायचं. (साहेबांनी 'स्कीम' एवढा शब्द वाचूनच फाइलवर मंजुरी दिली होती. स्कीमला नाही म्हणायची वेळ त्यांच्या नोकरीत कधी आलीच नव्हती.)

मामांनी आधी साधी यादी केली. पडद्यावर एक चौकट, चौकटीत एकाखाली एक नावं, कडेला वरखाली करायची पट्टी. शाखाप्रमुखांनी कळवलेली तीनशे अकरा नावं, अकारविल्हे. झकास चालत होती. पण अकारविल्ह्याला हुद्दा कळत नाही, त्यामुळे साहेब दोनशे सातव्या जागी आले, झाडूवाल्याच्या खाली आणि लिफ्टवाल्याच्या वर. स्वतःला शोधायला साहेबांना बराच वेळ पट्टी ओढावी लागली. सापडल्यावर ते म्हणाले की यादी उत्तम आहे, पण हिच्यात माणसं नुसतीच आहेत.

नुसती माणसं असणं बरं दिसत नाही हे कुणालाही पटेल. तेव्हा यादीचं झाड करायचं ठरलं. स्कीममध्ये याला फारसं काही लागत नाही. यादीत एखाद्या नावापाशी अख्खी दुसरी यादी ठेवली, तिच्यात तिसरी ठेवली, की झालं झाड. फरक काय तो कंसांचा. साडेतीन दिवसांत मामांनी सगळं खातं कंसात घातलं. वर साहेब, खाली उपसंचालक, त्यांच्याखाली कक्ष अधिकारी, आणि प्रत्येक पायरीला नाव बारा ठिपके उजवीकडे सरकलेलं. ज्याच्या हाताखाली माणसं, त्याच्या नावाच्या डाव्या अंगाला एक छोटा त्रिकोण. त्रिकोण दाबला की माणसं बाहेर यायची, पुन्हा दाबला की गडप.

एका बोटाने हाताखालची माणसं गडप करता येतात, हे सुख अधिकारीवर्गाला इतकं भावलं की पहिल्या आठवड्यात दुसरं काही कामकाज झालं नाही. उपसंचालकांनी आपला विभाग चारशे एकेचाळीस वेळा उघडला आणि चारशे बेचाळीस वेळा मिटला. (हे कसं जमलं याची चौकशी चालू आहे.) साहेब खूश झाले आणि त्यांनी परिपत्रक काढलं : जो झाडावर दिसत नाही तो खात्यात नाही असे समजावे, व त्याची खुर्ची सोमवारी भांडारात जमा करावी.

आता वरती तीनशे बारा पदं म्हटलं आणि नावं तीनशे अकरा भरली, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. खात्यात ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तीनशे बारावी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या नकलनीस बाई. अधिकाऱ्यांनी खरडलेले, खोडलेले, समासात बाण मारलेले मसुदे त्यांच्याकडे यायचे आणि स्वच्छ प्रत होऊन परत जायचे. जाताना त्यांतल्या चुकाही निघून जायच्या, अधिकाऱ्यांच्या नकळत. नऊ वर्षांपूर्वी नकल शाखा बंद झाली, शाखाप्रमुख गेले, शाखेची पाटी गेली. बाईंना घालवायचं तेवढं राहून गेलं. कागद येत राहिले, त्या लिहीत राहिल्या. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि वर कुणी नसल्यामुळे त्या झाडावर नव्हत्या. झाडावर चढायला वरून कुणीतरी हात द्यावा लागतो.

मामांना हे कळलं, कारण बाई त्यांची बायको होती.

घरी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, मी दिसत नाही." आवाजात राग नव्हता, त्यामुळे मामांनी हातातलं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. ती म्हणाली की तिला काही मोठं नको, कुणाचे उपकारही नकोत. अठ्ठावीस वर्षं ज्या खुर्चीवर बसली त्या खुर्चीवरून शेवटच्या दिवशी स्वतःच्या पायाने उठायचं आहे, एवढंच. मामांनी शब्द दिला. त्यांनी तिला आजवर फारसे शब्द दिले नव्हते, त्यामुळे हा पाळणं भागच होतं.

दुसऱ्या दिवशी ते एकेका कक्ष अधिकाऱ्याचं दार ठोठावत फिरले. बाईंना आपल्या नावाखाली घ्या, काम काही वाढणार नाही, त्या करतात तेच करतील. एकाने सांगितलं की माणूस वाढला की त्याच्या रजा मंजूर कराव्या लागतात. दुसऱ्याने सांगितलं की तो नुकताच बदलून आला आहे (चार वर्षं झाली होती). तिसऱ्याला बाई कोण ते आठवेना, आणि त्याच्या टेबलावर बाईंच्या हातची सात पत्रं पडली होती. मामांनी तिला स्वतःच्याच नावाखाली घ्यायचा विचार केला, पण नात्यातल्या माणसाला हाताखाली घेता येत नाही असा नियम होता. शिवाय तीच म्हणाली की घरी आहे तेवढं पुरे.

शनिवार उजाडला आणि देवासारखा त्रिकोणांचा प्रश्न धावून आला.

खात्यात कक्ष अधिकारी चौतीस. त्यांतल्या एकोणीस जणांच्या हाताखाली कुणीच नव्हतं, त्यामुळे त्यांच्या नावापुढे त्रिकोण नव्हता. या एकोणिसांचं शिष्टमंडळ साहेबांकडे गेलं. म्हणणं रास्त होतं : बिनत्रिकोणाचा अधिकारी आणि साधा लिपिक यांत पडद्यावर फरक काय राहिला? साहेबांनी एकोणीस त्रिकोण तत्काळ मंजूर केले. मामांनी ते बसवले. पण त्रिकोण दाबला की आतून काहीच निघेना. चार लोकांसमोर डबा उघडावा आणि आत काही नसावं, तशी अधिकाऱ्यांची अवस्था झाली. दुपारपर्यंत एकोणिसांचे एकोणीस अर्ज आले, सगळे एकाच मागणीचे : किमान एक नकलनीस मिळावा. साहेबांनी शेरा मारला, "सर्वांना द्यावे. नवीन भरती करू नये."

असा शेरा वाचून दुसऱ्या भाषेतला प्रोग्रामर राजीनामा देऊन मोकळा झाला असता. पण स्कीममध्ये एकच नोंद एकाच वेळी कितीही याद्यांत ठेवता येते. तिच्या प्रती निघत नाहीत; तीच ती, सगळीकडून दिसते. मामांनी बाईंना एकोणीस त्रिकोणांखाली ठेवलं. एका ओळीचं काम. शेवटचा कंस मिटला, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपण हुशार आहोत असं वाटलं.

सोमवारी खुर्ची जागेवर राहिली. बाईंनी पडद्यावर स्वतःला एकोणीस वेळा पाहिलं आणि संध्याकाळी म्हणाल्या की एकदाच दिसले असते तरी भागलं असतं. मामांनी समजूत घातली की एकोणीस ठिकाणी असलेलं माणूस सहजासहजी हलत नाही.

तिथून पुढे खात्याचा कारभार पाहण्यासारखा झाला. बाईंच्या एका दिवसाच्या रजेला एकोणीस सह्या लागू लागल्या. त्यांच्यावर एकोणीस गोपनीय अहवाल लिहिले गेले : उत्तम अकरा, साधारण सहा, सुधारणेस वाव एक, आणि एका अहवालात त्यांचा उल्लेख 'हा होतकरू तरुण' असा होता. सगळ्या अहवालांच्या स्वच्छ प्रती बाईंनीच केल्या. कामात काडीचाही बदल झाला नाही. कागद पूर्वीसारखे येत होते आणि पूर्वीसारखे जात होते.

तीन महिन्यांनी वरच्या कचेरीतून तपासनीस आले. ते झाडावर बोट ठेवून मोजत गेले आणि तीनशे तीसवर येऊन थांबले. अठरा माणसं जास्त. त्यांनी एकोणीस नकलनिसांची बारकाईने छाननी केली, आणि सर्वांची जन्मतारीख, सर्वांचा नोकरीचा पहिला दिवस आणि सर्वांचं अक्षर एकच आहे हे त्यांच्या चाणाक्ष नजरेने टिपलं. अहवालात त्यांनी लिहिलं की नकलनीस वर्गातील एकजिनसीपणा इतर खात्यांनी कित्ता घ्यावा असा आहे. मात्र एक ठेवून बाकीच्या अठरांना 'अतिरिक्त' ठरवावं, आणि तशी नोंद सेवापुस्तकात करावी.

साहेबांनी मामांना बोलावून आपल्यासमोर नोंद करायला सांगितली. मामांनी एका नकलनिसावर 'अतिरिक्त' असा लाल शिक्का मारला. एकोणीसच्या एकोणीस लाल झाल्या. एकीचा शिक्का काढला, एकोणिसांचा निघाला. साहेब चष्मा काढून बघत राहिले. शेवटी मामा बोलले.

"साहेब, बाई एकच आहे."

साहेबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. ते तसे वाईट नव्हते. मामा म्हणाले की अठरा ठिकाणची काढून तिला एका ठिकाणी ठेवणं सोपं आहे, अगदी एका ओळीचं काम, आत्ता करतो.

"कुणाखाली?" साहेब म्हणाले.

प्रश्न बिनतोड होता. एकोणीसही अधिकाऱ्यांना विचारणा झाली. तीन महिन्यांपूर्वी ज्यांना बाई फुकट नको होती त्या प्रत्येकाने लेखी कळवलं की नकलनिसाशिवाय आपला कक्ष चालूच शकत नाही. साहेबांनी दोन दिवस विचार केला. एकाकडे ठेवली तर अठरांवर अन्याय होतो. कुणाकडेच ठेवली नाही तर कुणावरच होत नाही. अशा रीतीने, नसलेल्या अठरा बायांना काढण्यासाठी असलेली एक काढायचं ठरलं.

खातं कायद्याने चालणारं होतं. कुणालाही काढण्याआधी हरकती मागवाव्या लागायच्या. म्हणून सर्वांच्या पडद्यावर एक निरोप झळकला : झाडात किरकोळ दुरुस्ती करण्यात येत आहे, तपशील खाली पाहावा. निरोपाची चौकट मामांनीच बनवली. पडद्यावर गर्दी नको अशी साहेबांची सूचना होती, म्हणून तिला बटण एकच ठेवलं : 'ठीक आहे'. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तीनशे बाराच्या तीनशे बारा जणांनी ते दाबलं. वाचायला लागलेला वेळ सरासरी सव्वा सेकंद. हरकती शून्य.

मग आदेशाचा मसुदा तयार झाला आणि रिवाजाप्रमाणे स्वच्छ प्रतीसाठी दुसऱ्या मजल्यावर गेला. बाईंनी तो वाचला. त्यात त्यांच्या नोकरीचं वर्ष चुकलं होतं, ते त्यांनी दुरुस्त केलं. एक वाक्य अर्धवट होतं, ते पुरं केलं. अक्षर कुठेही हललं नाही. प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवून त्या जागेवर आल्या, तर भांडाराचा माणूस खुर्चीपाशी उभाच होता.

घरी आल्यावर ती भाजी निवडायला बसली. मामांनी आपण होऊन सगळं सांगितलं : एकोणीस जागा, लाल शिक्का, साहेबांचा प्रश्न. शब्द पाळता आला नाही, चूक आपली, तिला एकाच ठिकाणी ठेवायला हवं होतं. बोलता बोलता त्यांना रडू आलं. तिने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "सकाळी तो निरोप मलाही आला होता. मी घाईत होते, न वाचताच दाबलं. पण वाचला असता, तर काय दाबायला हवं होतं हो?"

मामांकडे याला उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असायला हरकत नाही. आज सकाळपासून तुम्हीही दोन-तीनदा 'ठीक आहे' दाबून मोकळे झाला आहात, आणि ते कशाला होतं हे आता तुम्हाला आठवत नाही. काळजी नसावी. ते बहुतेक तुमच्याबद्दल नव्हतं. दुसऱ्याच कुणाचं तरी होतं, आणि एव्हाना ते उरकलं असेल.