कोळ्यांच्या शिंदे सिस्टर

अंगावर कोळी मुतला अशी तक्रार घेऊन कोणी शिंदे सिस्टरांकडे गेलं, तर त्या लगेच औषध देत नाहीत. आधी विचारतात, “साक्षीदार कोण?”

प्रश्न थट्टेचा नसतो. त्या चष्मा लावतात, खुर्ची पुढे ओढतात आणि चौकशी सुरू करतात. कोळी पाहिला का? किती वाजता? मुतताना पाहिला, की नुसता भिंतीवर पाहिला? भिंत तुमच्यापासून किती लांब? तिसऱ्या प्रश्नापर्यंत तक्रारदार आपल्याच उत्तरांत अडकलेला असतो. मग सिस्टर फोडांना लावायला गुलाबी कॅलामाइन देतात आणि कोळ्याला सोडून देतात. नोकरीच्या निमित्ताने मी अनेक वर्षं कोर्टाच्या बातम्या दिल्या. इतकी नेटकी उलटतपासणी तिथेही क्वचित ऐकली.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत सिस्टर तळमजल्यावर राहतात, मी त्यांच्या बरोबर वर. एका सरकारी रुग्णालयात त्वचारोगांच्या वॉर्डात परिचारिका म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. वॉर्डात येणाऱ्या निम्म्या लोकांचं रोगनिदान घरूनच झालेलं असे. कपाळापासून मानेपर्यंत गेरू फासून माणसं येत. मंतरलेला अंगारा लावून येत. एका म्हातारीने मेलेला कोळी काडेपेटीत घालून आणला होता. सिस्टर सांगतात, “मी म्हटलं, आजी, आरोपीला मारून आणलात. आता जबाब कुणाचा घेऊ?”

खरा गुन्हेगार त्यांना ठाऊक होता. पावसाळ्यात आणि नंतरच्या उकाड्यात दिव्याभोवती मुंगीसारखा एक बारीक, काळा-तांबडा किडा येतो. तो अंगावर बसतो, माणूस झोपेत त्याला रगडतो आणि त्याच्या रसाने कातडी भाजते. सकाळी फोडांची रेघ दिसते. किडा तोवर अंथरुणाबरोबर झटकला गेलेला असतो. कोळी मात्र कोपऱ्यात ठळक बसलेला असतो. “सापडला तो चोर,” सिस्टर म्हणतात. सोसायटीतल्या प्रत्येक माणसाला त्यांनी एक गोष्ट पाठ करायला लावली आहे. किडा बसला तर चिरडायचा नाही, फुंकायचा. मी स्वतः ती परीक्षा दिली आहे.

कोळ्यांमध्येही त्यांची आवडनिवड आहे. जाळं विणणाऱ्यांबद्दल त्यांना फारसा आदर नाही. “ते दुकानदार. गिऱ्हाईक येईल म्हणून बसून राहतात.” त्यांचा जीव आहे लांडगा-कोळ्यावर. हा जाळं विणत नाही. जमिनीवर धावून शिकार करतो, बिळात राहतो. रंग मातीचा, अंगावर लव, आणि मोठी मादी पाय पसरून बसली तर पाणीपुरीच्या पुरीएवढी. अंधार पडल्यावर बॅटरी कपाळाशी धरून गवतात पाहिलं, की तिचे डोळे हिरवट चमकतात. आमच्या इमारतीमागे तेव्हा मोकळं शेत होतं, आणि दिवेलागणीनंतर सिस्टर तिथे बॅटरी घेऊन उभ्या दिसत. नव्याने राहायला आलेले लोक त्यांना विचारत, “काही हरवलंय का?” सिस्टर सांगत, “नाही. हजेरी घेतेय.”

या कोळ्याची बदनामी परदेशातही झाली आहे, हे त्यांना कुठल्याशा पुस्तकात सापडलं. इटलीत म्हणे याच्याच भाऊबंदांपैकी एक चावला की विष उतरवायला माणसाला नाचवत. वाजंत्री बोलवत, आणि माणूस दमून पडेपर्यंत नाचे. मी विचारलं, “आपल्याकडे असं काही?”

“आपल्याकडे नाचायला कोळी चावावा लागत नाही,” सिस्टर म्हणाल्या. “गणपती पुरतात.”

सिस्टर मूळच्या लोणी काळभोरच्या. लग्न केलं नाही. भावाची बायको लहान वयात गेली, तेव्हा त्याची दोन्ही मुलं त्यांनी पुण्यात आणली आणि वॉर्डाच्या पाळ्या सांभाळत वाढवली. मुलं मोठी झाली, गावाकडच्या शेतीत गेली. थोरला मार्केट यार्डात माल घेऊन येतो. दिवाळीच्या आधी एकदा वाट वाकडी करून आत्याकडे पेरूची करंडी टाकून जातो. त्याची भेट मी दोनदा पाहिली आहे. तो उंबऱ्यातच उभा राहतो. “आत्या, बरी हायस ना? बसत न्हाई, गाडी उभी हाय.” सिस्टर लाडवाचा डबा त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, “जा, जा. आडत्याला ताटकळत ठेवू नकोस.” गाडी वळेपर्यंत त्या फाटकापाशी असतात. मग परत येऊन पेरू काढून घेतात आणि रिकाम्या करंडीला दोरी बांधून ठेवतात, पुढच्या वर्षी परत द्यायला.

आता मुख्य हकिकत.

त्या वर्षी ऑक्टोबरात आमचे चेअरमन सबनीस यांच्या मानेवर फोडांची रेघ उठली. सबनीस बँकेतून निवृत्त झालेले, बोलणं अत्यंत सभ्य. त्यांनी कमिटीपुढे निवेदन केलं, “सदर कोळ्याने माझ्या मानेवर लघुशंका केलेली आहे.” सोसायटीची इतिवृत्तं मी लिहितो, त्यामुळे हे वाक्य शब्दशः नोंदलेलं आहे.

“साक्षीदार कोण?” सिस्टरांनी विचारलं.

“अहो, मी झोपलो होतो!”

“म्हणजे फिर्यादी झोपलेला, आरोपी गैरहजर. छान.”

सबनीसांनी दिवाळीपूर्वी सगळ्या आवारात औषध मारून घेण्याचा ठराव मांडला. घराघरांत, जिन्यात, मागच्या गवतात आणि मीटर रूमच्या पायरीखाली. पायरीचं नाव येताच सिस्टर गप्प झाल्या. त्या गप्प झाल्या की मी पेन उघडतो.

पायरीखाली लांडगा-कोळ्याची एक मादी होती. महिनाभर ती अंड्यांची पांढरी गोळी पोटाच्या मागच्या टोकाला चिकटवून फिरत होती. आदल्याच दिवशी पिल्लं बाहेर येऊन तिच्या पाठीवर चढली होती. सिस्टरांनी मला दाखवलं होतं. पाठ दिसतच नव्हती, नुसती वळवळणारी साय होती. “आठेक दिवस ती त्यांना असं वाहते,” त्या म्हणाल्या होत्या. “मग ती उतरतात आणि चालू लागतात. मागं वळून बघत नाहीत. बघत बसली तर पोट कधी भरणार?”

ठरावावर मतदान होणार, एवढ्यात सिस्टर उठल्या, घरी गेल्या आणि लोणच्याची बरणी घेऊन आल्या. बरणीत लोणचं नव्हतं.

“हा नर आहे,” त्यांनी सभेला सांगितलं. “बाईला आणलं नाही. ती कामात आहे. वार्ताहर, घड्याळ बघा.”

सोसायटीत मला सगळे वार्ताहर म्हणतात. मी घड्याळ पाहिलं. सिस्टरांनी डावा हात टेबलावर ठेवला आणि बरणी आडवी केली. कोळी मनगटावर आला, थांबला, कोपरापर्यंत गेला, परत आला. दहा मिनिटं तो त्या हातावर होता. सबनीस दारात उभे राहून पाहत होते, म्हणजे बहुतेक वेळ बाहेर पाहत होते. त्यानंतर सिस्टर म्हणाल्या, “येत्या रविवारी हा हात बघा. एक फोड जरी उठला, तरी पाहिजे तिथे औषध मारा, मी पंप धरते. नाही उठला, तर गवत आणि पायरी सोडायची. कायमची.”

ठराव तसा झाला. मी वहीत लिहिलं: डाव्या हातावर, दहा मिनिटे.

बुधवारी ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि सिस्टर हॉस्पिटलचा जुना निळा स्वेटर घालून माझ्या दारात उभ्या होत्या.

“कॅलामाइन संपलंय. डेक्कनवरून आणाल का?”

“कोपऱ्यावर केमिस्ट आहे की.”

“त्याच्या काउंटरवर सबनीस रोज पेपर वाचतात.”

मी डेक्कनवरून बाटली आणली. ती घेताना स्वेटरची बाही मागे सरकली. डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत फोडांची रेघ होती, कडेने लाल, मध्ये पाणी धरलेली. जुन्या बाटलीचा गुलाबी थर सुकून त्याला भेगा पडल्या होत्या.

“किडा,” सिस्टर म्हणाल्या. “सोमवारी संध्याकाळी पायरीशी वाकून तिला बघत होते. हात भिंतीला टेकला होता, बॅटरीच्या उजेडाला तो आला. मीच रगडला.”

“फुंकायचा होता.”

“माहीत आहे.” त्यांनी बाही खाली ओढली. “सबनीसांना सांगून बघा, किड्यानं केलं म्हणून.”

सांगून उपयोग नव्हता. तोच हात, तोच आठवडा. आणि साक्षीदार कोण? पुढचे दिवस त्या स्वेटरात वावरल्या. दूध घेताना स्वेटर, कपडे वाळत घालताना स्वेटर. कोणी विचारलं तर “थंडी वाजते” असं सांगत, आणि कपाळावरचा घाम पदराने टिपत. अशा फोडांची आग काय असते, हे त्यांच्या वॉर्डातल्या पेशंटांकडून मी पूर्वी एका बातमीसाठी ऐकलं होतं. त्यावर लोकर म्हणजे शिक्षाच. शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरातून बेसन भाजल्याचा वास येत होता. बाही वर न करता लाडू वळता येत नाहीत, म्हणून दार आतून बंद होतं.

रविवारी सकाळी सबनीस फवारणीवाल्याला घेऊन हजर झाले. मला वहीसह बोलावलं होतं. फवारणीवाला पाठीवर टाकी घेऊन जिन्याला टेकून उभा राहिला.

“हात, सिस्टर,” सबनीस म्हणाले.

सिस्टरांनी उजव्या हाताची बाही कोपराच्या वर चढवली आणि हात पुढे केला. सबनीसांनी चष्मा वर-खाली करून तो दोन्ही बाजूंनी पाहिला. हात स्वच्छ होता.

“पण... डावा होता ना?”

सिस्टरांनी उजवी बाही खाली ओढली. पहिल्यांदाच त्यांच्याकडे प्रश्न नव्हता. पायरी तिथून चार पावलांवर होती.

“वार्ताहर, आपण नोंद केली असेल,” सबनीस म्हणाले. “वाचा जरा.”

मी वही उघडली. पान सापडलं. माझं अक्षर सुवाच्य आहे. एका चुकीच्या आद्याक्षरासाठी मी लोकांना पुन्हा फोन केलेले आहेत, आणि दुरुस्ती पहिल्या पानावर छापावी म्हणून संपादकांशी भांडलेलो आहे.

“उजव्या हातावर,” मी वाचलं, “दहा मिनिटे.”

सबनीसांनी मान डोलावली. वहीवर त्यांचा विश्वास होता. ते फवारणीवाल्याला म्हणाले, “चला, घरांपासून सुरू करा. गवत आणि ती पायरी सोडून.” दोघं जिना चढून गेले.

त्यांच्या पावलांचा आवाज दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सिस्टर थांबल्या. मग विचारलं, “काय लिहिलंय खरं?”

“डावा.”

“वाटलंच. खोडू नका. वही खराब दिसते.”

त्या मीटर रूमकडे चालू लागल्या आणि मी मागे गेलो. एवढं करून वाचलेली पिल्लं मला पाहायची होती. सिस्टर पायरीशी वाकल्या, या वेळी भिंतीपासून हात राखून. बिळाच्या तोंडाशी मादी बसली होती. तिची पाठ मोकळी होती. मातीच्या रंगाची, मधे फिकट पट्टा असलेली, स्वच्छ पाठ. मी ती पहिल्यांदाच पाहत होतो.

“पिल्लं?”

“गुरुवारीच गेली. सकाळी बघितलं तर एकही नव्हतं.”

मी हिशेब केला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीन दिवस स्वेटर.

“मग तेव्हाच सांगायचं होतं सबनीसांना. हात दाखवायचा, औषध मारू द्यायचं. आज काय वाचवलं आपण?”

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. वॉर्डात नवीन आलेल्या मुलीकडे त्या असंच पाहत असतील, असं मला वाटलं. बिळाच्या तोंडावर एक वाळकं पान पडलं होतं. त्यांनी ते हळूच फुंकून बाजूला केलं.

“ती आहे ना अजून,” त्या म्हणाल्या.