करमरकरकाका गरम पाण्याच्या गावाला जातात

इंग्लंडमधल्या रीडिंग गावातले आमचे शेजारी करमरकरकाका खिशात पेन घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. कुठे तक्रारवही दिसली तर अडायला नको. ट्रेन चार मिनिटं उशिरा आली, लिही. कौन्सिलच्या माणसाने कचऱ्याचा बिन भलत्याच दारात ठेवला, लिही. शिवाय जो भेटेल त्याला, "याला काय अर्थ आहे?"

अशा माणसाबरोबर सुट्टीला जाऊ नये, हे मला कळायला हवं होतं. पण काका माहितीपत्रक घेऊन दारातच उभे राहिले. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं लहानसं खेडं, प्राचीन अवशेष आणि गरम पाण्याचे झरे. काकूंच्या गुडघ्यांनी त्या हिवाळ्यात संप पुकारला होता, जिना त्या बसत बसत उतरायच्या. "आठ दिवस शेकू दे, मग बघ," काका म्हणाले.

विमानात पातळ पदार्थ न्यायला तेव्हा नुकतीच बंदी आली होती. एअरपोर्टवर काकूंची लोणच्याची बरणी गेली आणि पेन बाहेर आलं. ते आत गेलंच नाही. गावातलं पडकं नाट्यगृह बघून काका गाइडला म्हणाले, "टू थाउजंड इयर्स, अँड स्टिल नो हँडरेल?" तो बिचारा हसला. काकांनी त्याचं नाव लिहून घेतलं.

मग झऱ्याचं कुंड. फाटकावरच्या बाईने काकूंच्या साडीकडे बघून मान हलवली. स्विमिंग कॉस्च्यूमशिवाय पाण्यात उतरता येणार नाही. काकांच्या कोकणातल्या गावाजवळच्या कुंडावर बायकांना वेगळा आडोसा आहे, तिथे त्या लुगड्यानिशी उतरतात. गरम पाणी म्हटलं की सगळीकडे तसंच, असं धरून काकांनी आधी चौकशीच केली नव्हती. आता मात्र अर्धा तास भांडले. बाई ढिम्म.

"अहो, राहू द्या. तुम्ही तरी उतरा, एवढ्या लांब आलोय," काकू म्हणाल्या. काका उतरले नाहीत. मला त्या बाईचा राग आला होता, पण काकांचा त्याहून जास्त. चूक स्वतःची आणि आरडाओरडा जगावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही खोलीत नव्हते. शोधत गावाखाली गेलो. कुंडातलं जादा पाणी तिथे ओहोळाने शेतांकडे जातं. एका आडव्या पडलेल्या संगमरवरी खांबावर काकू साडी गुडघ्यापर्यंत सावरून बसल्या होत्या. काका हॉटेलातल्या बादलीने पाणी आणत होते, मातीत बसून त्यांच्या गुडघ्यांवर ओतत होते आणि पाय चोळत होते. तोंड चालूच होतं. पाणी म्हणावं तितकं कढत नाही, बादलीला धड कडी नाही. आदल्या दिवशीच्या रागाची मला लाज वाटली.

"अहो, माझ्या पायांना हात नका लावू," काकू पाय आखडून घेत म्हणाल्या. "कसं दिसतं ते."

"दिसू दे," काका म्हणाले. "दुसरा पाय दे."