धोंडूशेठनी आणलेला अर्धा दिवस

मुलांनो, मांडी घालून बसा. कालच्यासारखी चुळबूळ नको.

एका जंगलात धोंडूशेठ नावाचे एक साळिंदर होते. चाळीस वर्षं त्यांचं मिठाचं दुकान होतं. शेठ दुप्पट भाव सांगत, गिऱ्हाईक निम्म्यावर येई. मग तासभर घासाघीस चाले आणि दोघंही खूश होत.

पुढे सिंहमहाराजांना नवी हौस आली. त्यांनी सगळ्या जंगलाची सभा भरवायची ठरवली. "महाराजांपुढे बोलायला असाच पक्का माणूस हवा," असं म्हणून प्राण्यांनी शेठना निवडून दिलं. साळिंदराला माणूस म्हटलं म्हणून हसू नका. निवडणुकीत असं बोलतात.

शेठ पागोटं बांधून निघाले, तर वाटेत चंद्री हरिणी उभी. सोबत तिचं पाडस.

"शेठ, पाणवठ्यावरची शिकार थांबवा हो. आठवड्यातून एक दिवस तरी. लेकराला धड पाणी पिता येत नाही."

"एक हवा ना? मग मी सात मागतो. बघच तू!"

शेठनी सभेत सात दिवस मागितले. महाराजांचं नुकतंच जेवण झालं होतं. डोळ्यांवर झापड होती.

"दिले," महाराज म्हणाले.

शेठना घाम फुटला. पहिल्याच बोलीला हो म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे!

"महाराज, घाई नको. सात जरा जास्तच होतात. सहा करू या?"

"बरं, सहा."

"असं कसं? तुम्हीही थोडं ताणा की! चार?"

आता महाराजांची झोप उडाली. त्यांना गंमत वाटू लागली.

"दोन," ते म्हणाले.

शेठचा चेहरा खुलला. "तीन!"

"एक!"

"दीड!"

"अर्धा. यापुढे एक घटका नाही."

"पक्कं!" शेठनी महाराजांच्या पंजावर हात मारला.

जंगलभर शेठची मिरवणूक निघाली. सिंहाच्या तोंडातून अर्धा दिवस ओढून आणला म्हणून हत्तीने हार घातला. चंद्री तेवढी हळूच म्हणाली, "शेठ, त्यांनी सातही दिले होते ना?"

"अगं, पण किती सहज दिले! असला माल टिकतो का?"

पुढच्या निवडणुकीला एक कासव उभं राहिलं. ते म्हणालं, "मी सात दिवस मागेन आणि मिळाले की गप्प बसेन." त्याला एकच मत पडलं, चंद्रीचं. कासवाने स्वतःचं मत शेठना दिलं होतं.

पाडस आता गुरुवारी दुपारपर्यंत पोटभर पाणी पितं. उरलेले साडेसहा दिवस ते पळायला शिकतं.

तात्पर्य: लोकांच्या भल्याचं काही सहज मिळत असेल, तर पुढाऱ्याने ते मुळीच घेऊ नये. लोकांना वाटतं, याने काही केलंच नाही.