मुका डबा

सोसायटीचे सेक्रेटरी ऑफिसातून घरी आले तेव्हा बायको मागच्या खोलीत टेप घेऊन भिंत मोजत होती. भिंत मोजणारी बायको दिसली की शहाण्या माणसाने आल्या पावली परत फिरावं. पण सेक्रेटरी दमले होते, आणि परत फिरून जायला त्यांना ऑफिसखेरीज दुसरी जागा नव्हती.

"आई येतेय रविवारी," बायको म्हणाली. "कायमची."

"येऊ देत की."

"या खोलीत येतेय."

सेक्रेटरी पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. या खोलीत एक टेबल होतं, टेबलावर सासूबाईंनीच कधीकाळी दिलेला जुना टीव्ही होता, आणि टीव्हीसमोर तो डबा होता. डबा म्हणजे पिवळा पडलेला एक कॉम्प्युटर, त्यांच्या तरुणपणी लोक घरच्या टीव्हीला जोडायचे तसला. हिशेबाच्या नावाने त्याची बोंबच होती. पण त्याच्या पोटात आवाजाची एक चिप होती आणि ती एका वेळी तीन सूर काढायची. कॉलेजात असताना सेक्रेटरींनी त्याच्यावर स्वतःची एक धून रचली होती. त्यानंतर त्यांनी आयुष्यात काहीही रचलं नाही. विमा कंपनीत बसून 'आपला दावा मंजूर करता येत नाही' अशी पत्रं तेवढी रचली.

माळ्यावरून काढल्यापासून डबा हळूहळू जिवंत होत होता. सेक्रेटरींनी त्याचे फुगलेले कपॅसिटर बदलले, बटणं धुतली, वरच्या झाकणाला भोकं पाडून तीन नवी चाकंही बसवली. पहिलं फिरवलं की सूर जाड व्हायचा होता, दुसरं फिरवलं की बारीक. तिसऱ्याने काय व्हायचं ते अजून कळायचं होतं, कारण डबा मुका होता. धून साठवलेली कॅसेट फिरायची, पडद्यावर अक्षरं यायची, धून चालू झाल्याचं दिसायचं, आणि टीव्हीतून हूं का चूं निघायचं नाही.

"तो वाजतो का?" बायकोने विचारलं.

"वाजेल. चिपचाच काहीतरी घोळ आहे."

"रविवारपर्यंत वाजला तर आईच्या पलंगाशेजारी ठेवा, माझी ना नाही. नाही वाजला तर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

बायकोचा शब्द म्हणजे शब्द होता. दोन्ही बाजूंनी.

त्या संध्याकाळी सेक्रेटरींनी कंबर कसली. पडद्यावरचं चित्र अंधुक यायचं, म्हणून त्यांनी डब्याच्या वायरीवर सिग्नल वाढवणारा बूस्टर चढवला. टीव्ही धड आहे की नाही हे पाहायला वायरी सारख्या काढ-घाल करायला नकोत, म्हणून सगळ्या बिल्डिंगच्या मिळून असलेल्या गच्चीवरच्या अँटेनाची वायर आणि डब्याची वायर एकाच जोडावर आणून बांधली. मग कॅसेट लावली आणि टीव्हीला कान लावून बसले. काही नाही. तिसरं चाक पार शेवटपर्यंत पिळलं. काही नाही. तेवढ्यात दाराची बेल वाजली. घरात वाजणारी तेवढी एकच वस्तू होती.

दारात वरच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर होते. "सेक्रेटरी, टीव्हीचं काय करताय? बातम्यांवर आडवे पट्टे येताहेत आणि मागून कसला तरी भिकार आवाज!"

सेक्रेटरींनी निःश्वास टाकला. सोसायटीचं सेक्रेटरीपद त्यांच्या गळ्यात पडलं, त्या सभेला ते उशिरा पोचले होते एवढाच त्यांचा गुन्हा. तेव्हापासून पंप, गळती, जिन्यातला दिवा, कुणाच्या सायकलीला कुणाची सायकल टेकली, सगळं त्यांच्या दारात यायचं. चिप तापू नये म्हणून त्यांनी आधी डबा बंद केला आणि मग ते मास्तरांबरोबर वर गेले.

मास्तरांचा टीव्ही आरशासारखा स्वच्छ दिसत होता.

"आत्ता होतं हो!" मास्तर कळवळून म्हणाले. "टूं टूं टिंव, टूं टूं टिंव, आणि मग लोखंडी कपाट ओढल्यासारखं घर्रर्र."

"ज्याने हे वाजवलं त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नसणार," सेक्रेटरी म्हणाले आणि खाली आले. डबा चालू केला. काही नाही. पुन्हा बेल.

आठवडाभर हेच चाललं. सेक्रेटरी डब्याशी बसले की कुणीतरी धावत यायचं. डबा बंद करून ते तक्रार पाहायला गेले की तक्रार गायब व्हायची. लोकांना वाटू लागलं, माणसाचा पायगुण आहे. तळमजल्यावरच्या काकू तर म्हणाल्या, "तुम्ही नुसते दारात आलात ना, की बंद होतं बघा. जरा सिनेमा संपेपर्यंत बसता का इथे?" सेक्रेटरी बसले. सिनेमा नीट दिसला. त्यांची मात्र एक अख्खी संध्याकाळ बुडाली.

"आपल्याकडेही येतंय ते," हॉलमधल्या टीव्हीसमोरून बायकोने ओरडून सांगितलं.

"लेखी तक्रार द्या," सेक्रेटरी खोलीच्या बंद दाराआडून म्हणाले. तोंडात बसलेलं वाक्य होतं, निघून गेलं. त्या दिवशी त्यांना जेवायला कुणी हाक मारली नाही.

शेवटी अँटेनावाल्याला बोलावलं. तो गच्चीवर चढला, उतरला आणि हात झटकत म्हणाला, "वर सगळं ठीक आहे, साहेब. तुमच्याच बिल्डिंगमधून कुणीतरी वायरीत काहीतरी सोडतंय. घर शोधा."

शुक्रवारी जिन्याखाली सभा भरली. कुणी म्हणालं पोलिसात जा, कुणी म्हणालं वायरच कापा. सेक्रेटरींचं अर्धं लक्ष डब्यात होतं. चिप काढून, पाय घासून, पुन्हा बसवून झाली होती. आता शनिवार तेवढा हातात उरला होता. लवकर सुटका व्हावी म्हणून त्यांनी हात वर केला.

"ज्याच्या घरात हे सापडेल," ते म्हणाले, "तो पुढचा सेक्रेटरी. कारणं चालणार नाहीत, आणि बदली माणूस मिळेपर्यंत सुटका नाही."

त्याहून मोठी शिक्षा कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. मग टाळ्या पडल्या. त्या इमारतीत एखादा ठराव एकमताने पास व्हायची ती पहिलीच वेळ होती. सेक्रेटरी बऱ्याच दिवसांनी हसले. घरी येऊन त्यांनी गच्चीच्या, पंपाच्या आणि मीटरच्या किल्ल्या एका जुडग्यात ओवल्या आणि दारामागच्या खिळ्याला लावून ठेवल्या. चोर सापडायचाच काय तो अवकाश होता.

शनिवारीही डबा बोलला नाही. सेक्रेटरींनी त्याला गोंजारलं, दटावलं, एकदा टपलीसुद्धा मारली. वर मास्तरांनी रागाने जमिनीवर काठी आपटली, पण सेक्रेटरींनी त्या दिवशी दारच उघडलं नाही. ती धून त्यांना एकदाच ऐकायची होती. आपण कधीकाळी पत्रांखेरीज दुसरं काही करू शकत होतो, याची खात्री करून घ्यायची होती. एवढंच मागणं होतं, आणि तेवढंही होत नव्हतं. त्यांना खरंच रडू आलं.

रविवारी सासूबाई आल्या. त्यांच्यामागोमाग भंगारवाला पोतं घेऊन आला. सेक्रेटरींनी मुकाट्याने टेबलावरचे पेचकस गोळा करायला घेतले.

"हा माझाच टीव्ही ना?" सासूबाईंनी पलंगावर बसत विचारलं. त्यांना ऐकू जरा कमी यायचं, त्यामुळे त्या जोरात बोलायच्या. "आणि हे काय मांडलंय, जावईबापू?"

"बाजा आहे, आई," सेक्रेटरी ओरडून म्हणाले. "पण आवाज येत नाही. चिप गेली."

"कुठून येणार आवाज? त्या टीव्हीच्या भोकात माझ्या कानातल्या वायरीचं टोक मोडून बसलंय. टीव्हीला वाटतं, अजून कानालाच वायर लावलीय. देताना सांगितलं होतं मी. तुम्ही हूं हूं म्हणत होतात."

सेक्रेटरींनी टीव्हीच्या कडेचं बारीक भोक पाहिलं. खरंच आत काहीतरी चमकत होतं. सबंध आठवडा त्यांनी चिपचा पाय न् पाय तपासला होता, पण टीव्ही तपासायला वायर बांधून ठेवूनही तो एकदाही तपासला नव्हता. सासूबाईंनी अंबाड्यातली पिन काढून दिली. टोक निघालं. सेक्रेटरींनी कॅसेट लावली.

टूं टूं टिंव.

धून वाजली. तीनही सूर होते, एकमेकांचा हात धरून चाललेले. सेक्रेटरींच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मनात जपली होती, अगदी तश्शीच होती ती.

"अहो," हॉलमधून बायको सावकाश म्हणाली. "इथेही तेच वाजतंय."

वरून मास्तरांच्या घरातून टूं टूं टिंव आलं. खालून काकूंच्या घरातून आलं. मग पार पिळून ठेवलेल्या तिसऱ्या चाकाची पाळी आली आणि सगळ्या इमारतीत एकदमच लोखंडी कपाट सरकलं.

सेक्रेटरींचा हात बटणाकडे गेला. डबा आत्ता बंद केला, पोत्यात घातला, तर भंगारवाल्याबरोबर सगळा पुरावा जिना उतरून जाणार होता. आवाज कायमचा थांबला असता, आणि सेक्रेटरींच्या पायगुणाला लोकांनी पुन्हा एकदा हात जोडले असते. हात बटणावर राहिला. धून मात्र अजून अर्धी बाकी होती, आणि तिचा शेवट तेवढा त्यांना आठवत नव्हता.

"छान आहे हो!" सासूबाई मान डोलवत म्हणाल्या. "मला अगदी स्पष्ट ऐकू येतंय. रोज लावत जा."

सेक्रेटरींनी हात मागे घेतला आणि ते खुर्चीत टेकले. जिन्यात वरून काठीचा आणि खालून चपलांचा आवाज जवळ येत होता. बायकोने भंगारवाल्याला रिकाम्या पोत्यासकट परत पाठवलं.

"वाजला. राहू दे," ती म्हणाली. मग तिने दारामागच्या खिळ्यावरून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. "शेवटपर्यंत ऐका आधी. मग दार उघडा, मंडळी आलीच आहेत. आणि तसेच खाली जाऊन पंप बघून या, सकाळपासून पाणी चढलेलं नाही."