आप्पांचं शून्य

सोनवणे आप्पांच्या टेबलाजवळ जायचं तर आधी श्वास रोखावा लागतो. "लांबून बोला, तुमच्या फुंकरीनं आमचा आकडा नाचतोय," असं ते मालकांनाही बेधडक सुनावतात. कच्चा कांदा खाऊन आलेल्याला तर दारातूनच वाटेला लावतात. एकदा अत्तर लावून आलेल्या पाहुण्याला त्यांनी तासभर बाहेर उन्हात बसवलं होतं.

कारेगावात आमचं छोटं वर्कशॉप आहे. आप्पा वाटाण्याएवढे वायू-सेन्सर बनवतात, मी ते ड्रोनवर लावून उडवतो. पंख्यांच्या वाऱ्यानं हवा ढवळते, म्हणून सेन्सर ड्रोनच्या डोक्यावर लांब काडीवर बसवलेला. मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या बाकी, अशा थाटात तो उडतो.

कशावरही आप्पांचं उत्तर एकच, "हवेला इचारू." नाक्यावरच्या वडापाववाल्याच्या गाडीवरून एकदा ड्रोन फिरवून त्यांनी त्याला तेल बदलायला लावलं. तो बिचारा आता ड्रोन दिसला की कढईवर झाकण ठेवतो.

पण खरं सोवळं शून्याचं. सेन्सरला चोख हवेत नेऊन 'हे शून्य' असं रोज नव्यानं शिकवावं लागतं, मगच तो धूर ओळखतो. त्यासाठी आप्पा मला मोटरसायकलवर घालून वडगाव रासाईला भीमेच्या काठी नेतात. वाटेत कुणी उसाचं पाचट पेटवलं असलं, की त्याचा उद्धार करत.

एवढा खटाटोप कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं. काकूंना, म्हणजे आप्पांच्या बायकोला, दमा. कारेगावच्या कारखान्यांचा धूर सोसेना, म्हणून त्या दौंडला रेल्वे कॉलनीत भावाकडे राहतात. आप्पा रोज संध्याकाळी स्वतःच्या खोलीवर ड्रोन उडवायला लावायचे. "हवा नीट झाली की हिला आणतो," म्हणायचे.

एका शनिवारी मोटरसायकल पंक्चर झाली. आप्पांना धीर निघेना. त्यांनी वर्कशॉपच्या गच्चीवरच शून्य शिकवलं. संध्याकाळी खोलीवरची हवा एकदम चोख! आप्पांनी काकूंना फोन केला, "बॅग भर." आणि बाजारातून नवी चादर आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंक्चर काढून सवयीनं आम्ही नदीवर गेलो. ड्रोन वर गेला आणि आकडा शून्याच्याही खाली उतरला.

"आप्पा, नदीची हवा शून्याहून चोख!" मी हसलो.

आप्पा हसले नाहीत. गच्चीवरच्या धुरालाच आम्ही चोख हवा म्हणून शिकवलं होतं. ते बांधावर बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी फोन लावला.

"येऊ नको. मशीन बरोबर हाय, मीच चुकलो. हवा हाय तशीच हाय."

काकूंचा आवाज मलाही ऐकू आला. "मग तुम्ही या की हिकडं. मला काय हवेसंगं संसार करायचाय व्हय?"

"मेव्हण्याच्या घरात मी..."

"दादा कवापासनं म्हणतोय, दाजींना बोलव. मीच बोलले न्हाई. म्हटलं, तुमचं तुम्हाला वाटू दे."

आप्पांनी फोन ठेवला. शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. ड्रोन खाली उतरला, तरी त्यांनी आकडा विचारला नाही.

"का रं," ते म्हणाले, "दौंडहून रोज येणंजाणं जमंल का मला?"